मागच्या काचेवर लाल टेपचा एल चालेल का?

प्रश्न : सर, नमस्कार. वय ५८. मार्चअखेर शाळेतून निवृत्त झाले आणि लगेच कच्चं लायसन काढलं. आमच्या चंदेरी वॅगन आरच्या मागच्या काचेवर, बरोब्बर मधोमध, मुलाने लाल टेपने एल काढून दिलाय. पुढे काही नाही. आमचे हे म्हणतात, मागच्याला कळलं म्हणजे झालं. शेजारच्या वहिनी म्हणतात, पुढे डॅशबोर्डवर पुठ्ठा ठेव. शिवाय हे स्वतः गाडी काढतात तेव्हा त्यांना तो एल नको असतो. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुलाला शाबासकी द्या आणि टेप काढून टाका. एल पुढे आणि मागे, दोन्हीकडे लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या तिसऱ्या नियमातच तसं आहे. अक्षर लाल आणि खाली पांढरी जमीन. नुसती लाल टेप काचेवर लावली तर पांढरं कुठंय त्यात? मापही ठरलेलं आहे : पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, तळाशी ९ रुंद आणि २ जाड. तुम्ही शाळेतल्या, म्हणून सांगतो, कंपासपेटीतली पट्टी १५ची असते. तिच्याहून तीन बोटं नव्हे, तीन सेंटिमीटर मोठी पाटी हवी. दुकानात तळहाताएवढे गोंडस स्टिकर मिळतात, ते घेऊ नका. सरळ रेडियमवाल्याकडे जा, माप सांगा, तो दहा मिनिटांत कापून देतो.

आता जागा. मागच्या काचेचा मध्य म्हणजे तुमच्या आतल्या आरशाचा मध्य. नवशिक्याला आधीच आरशात बघायची सवय नसते, त्यात बघितलं तर मधोमध एलच दिसणार! पाटी काचेखाली, डिकीच्या दारावर, नंबरप्लेटच्या डाव्या अंगाला लावा. नंबर, दिवे, इंडिकेटर यांतलं काही झाकू नका.

डॅशबोर्डवरच्या पुठ्ठ्याचं मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या. सांगलीत माझा क्लास आहे, सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात मीही आळसाने पुठ्ठाच ठेवायचो. एकदा एक बाई मिरजेकडून विश्रामबागेकडे गाडी आणत होत्या, पाच-साडेपाचची वेळ, ऊन समोरून. चांगली चालवत होत्या, आणि अचानक त्यांना पुढचा सायकलवाला दिसेचना. माझ्या पायाखालचा ब्रेक मी दाबला म्हणून निभावलं. मी जरा तडकूनच विचारलं, तर म्हणाल्या, "सर, समोर पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय." संध्याकाळी मी त्यांच्या सीटवर बसून बघितलं. पुठ्ठ्याचं प्रतिबिंब काचेत पडत होतं, नेमकं चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शिकवणाऱ्याच्या जागेवरून मला ते कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवसापासून पुठ्ठा बंद. पुढची पाटी बॉनेटच्या खालच्या कडेला, डाव्या बाजूला लावा.

"पुढे कशाला" म्हणणारे तुमचे मिस्टर एकटे नाहीत, पण मला विचाराल तर पुढचाच एल जास्त कामाचा. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत समोरासमोर गाड्या आल्या की मागे कुणी घ्यायची? समोरच्याला एल दिसला तर तो मुकाट्याने स्वतःची गाडी मागे घेतो. नाही दिसला तर हॉर्न वाजवत बसतो, आणि तुमचा क्लच सुटून गाडी बंद पडते.

मिस्टरांची अडचण सोपी आहे. पाटी चुंबकाच्या शीटवर करून घ्या. तुम्ही बसलात की लावायची, ते बसले की काढून सीटखाली. आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक गाडीला लावून बघा. बंपर प्लॅस्टिकचा, त्याला ते धरणार नाही, पत्र्याला धरतं. पत्रा फडक्याने पुसून मगच लावा, नाहीतर धुळीने चरे पडतात. हायवेला लागायच्या आधी पुढचं एकदा हाताने दाबून घ्या. माझ्या भाचीला वेल्समध्ये शिकताना हेच सांगितलं होतं, शिकणारा चालवत नसेल तेव्हा पाटी काढा किंवा झाका. तिकडे एलऐवजी लाल डी लावलेला चालतो, कारण वेल्श भाषेत शिकाऊ म्हणजे डिस्गुर. आपण मात्र मराठीत शिकलो तरी पाटी एलचीच!

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. एल लावला म्हणून दूध आणायला एकटीने जाता येत नाही. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा, आणि तोही गाडी थांबवता येईल अशा जागी. म्हणजे मिस्टर मागे बसून पेपर वाचणार, असं नाही. पुढे डावीकडे बसायचं, उजवा हात हँडब्रेकजवळ.

कच्चं लायसन सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. परीक्षेच्या दिवशीही पाट्या न्या, त्या दिवशीही तुम्ही शिकाऊच असता. आणि मुलाच्या टेपचा डिंक काचेवर राहील, तो नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. खोबरेल तेलाचा बोळा थोडा वेळ लावून ठेवा, मग पुसा.