पोट साफ होत नाही म्हणून लगेच चूर्ण नको गं
हे बघ, तुला हा त्रास नवीन आहे म्हणून सांगते, रोज चूर्ण घ्यायची सवय लावू नकोस. मीपण कळव्याहून सकाळची लोकल पकडायच्या घाईत दोन वर्षं कळ दाबून ठेवायचे, तिथूनच सगळं बिघडलं.

लहान आतडं साधारण ६ मीटरचं, पचन आणि शोषण बहुतेक तिथेच, काही तासांत उरकतं. मोठं आतडं जेमतेम दीड मीटर पण तिथे सगळं एक-दोन दिवसही रेंगाळतं आणि तेवढा वेळ ते पाणी ओढत राहतं, म्हणजे तू जितकं थांबवशील तितकं घट्ट होणार. आणि पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप जोरात हलायला लागतं, सकाळी तर जास्तच, म्हणून अर्धा तास आधी ऊठ, चहा-पोळी खा, निवांत बस, ट्रेन दुसरी मिळेल गं.

भाजी, भाकरी, पेरू हळूहळू वाढव, एकदम वाढवलंस तर गॅस होतो. इसबगोल घेतलंस तर वर ग्लासभर पाणी हवंच. पण रक्त दिसलं किंवा उगाच वजन उतरायला लागलं तर घरगुती काही करत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा, प्लीज.