न झालेल्या चित्रपटाचे काय करायचे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची पटकथा, दोन्ही मिळाली. निर्मात्याने पावणेदोन वर्षे संहिता स्वतःकडे ठेवून घेतली, तीन वेळा पुनर्लेखन करवून घेतले आणि शेवटी एका ओळीचा निरोप पाठवून विषय संपवला, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. ही पटकथा घेऊन आणखी दारे ठोठावावीत की ती कायमची बाजूला ठेवावी, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर देण्याआधी तुझा चित्रपट कोणत्या कारणाने राहिला हे ठरवावे लागेल, कारण राहिलेले चित्रपट सगळे एका जातीचे नसतात. माझ्याही कपाटात अशी तीन बाडे आहेत, पण त्यांच्याविषयी माझ्याकडून निःपक्षपातीपणे लिहिले जाणार नाही. म्हणून सत्यजित राय यांच्या बाडांविषयी लिहितो.

राय यांनी 'पथेर पांचाली' या आपल्या पहिल्या चित्रपटाच्या आधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' या कादंबरीवर पटकथा लिहिली होती. दिग्दर्शन त्यांचे मित्र हरिसाधन दासगुप्ता करणार होते. निर्मात्याने बदल सुचवले, राय ते करायला तयार झाले नाहीत आणि काम तिथेच थांबले. जाहिरात कंपनीत नोकरी करणाऱ्या, चित्रपटांचे वेड लागलेल्या त्या तरुणाला तेव्हा काय वाटले असेल, हे तुला मी सांगायला नको. परंतु पुढे काही वर्षांनी त्यांनी तीच पटकथा पुन्हा वाचली, तेव्हा तिच्यात हॉलिवूडच्या वळणाचा वरवरचा परिणाम साधण्याचा सोस त्यांना दिसला आणि हा चित्रपट झाला नाही हे आपले भाग्यच, असे त्यांचे मत झाले. मधल्या काळात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेनवार कलकत्त्यात चित्रीकरणासाठी आले होते, १९५० साली राय लंडनला जाऊन काही महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट पाहून आले होते, आणि 'पथेर पांचाली' उभा करताना पैसा, ऊन, पाऊस आणि नवखी माणसे यांच्याशी त्यांची गाठ पडली होती. 'घरे बाइरे' अखेर १९८४ साली पडद्यावर आला तो नव्याने लिहिलेल्या पटकथेवरून. म्हणजे निर्मात्याने मागितलेले बदल नाकारण्यात राय चुकले असे मला म्हणायचे नाही. नकार योग्य होता आणि पटकथाही कच्ची होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तुझ्या वयात पचायला जड जाते.

ही झाली कच्च्या पटकथेची जात. दुसरी जात वेगळी आहे. 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी राय यांनी १९६२ साली 'बंकुबाबूर बंधू' ही परग्रहवासीयाची गोष्ट लिहिली होती. तोच धागा पकडून १९६७ साली त्यांनी 'द एलियन' ही पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्यातील तळ्यात यान उतरते, गावकऱ्यांना ते पाण्यातून वर येणारे देऊळ वाटते, एका मारवाडी व्यापाऱ्याला त्यात पुण्य आणि नफा दोन्ही दिसतात, आणि पाहुणा मात्र हाबा नावाच्या एका गरीब पोराशी दोस्ती करतो व रातोरात शेत पिकवून ठेवतो. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांना ही कल्पना आवडली आणि त्यांच्यामार्फत कोलंबोतील त्यांचे सहकारी माइक विल्सन या कामात आले. कोलंबिया पिक्चर्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने रस घेतला, व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी ब्रिटिश विनोदी अभिनेते पीटर सेलर्स तयार झाले, अमेरिकन अभियंत्यासाठी मार्लन ब्रँडो यांचे नाव निघाले. याच दरम्यान राय हॉलिवूडला गेले, तेव्हा त्यांच्या पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती तिथे हातोहात फिरत होत्या आणि त्या प्रतींवर स्वामित्वहक्कधारक म्हणून राय यांच्या जोडीला विल्सन यांचे नाव छापलेले होते. ही सारी हकीकत राय यांनी स्वतः ऑक्टोबर १९८०मध्ये 'द स्टेट्समन'मध्ये सविस्तर लिहिली आहे. पुढे सेलर्स यांनी अंग काढून घेतले, विल्सन संन्यासी झाले आणि स्टुडिओचा उत्साह हळूहळू विरून गेला. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा परग्रहवासीयावरचाच 'ई. टी.' आला तेव्हा क्लार्क यांनाही 'द एलियन'शी साम्य जाणवले, स्पीलबर्ग यांनी आरोप नाकारला, आणि राय न्यायालयात गेले नाहीत.

साम्याचा हा वाद मुलाखतींतून अजूनही चघळला जातो. तू त्यात वेळ घालवू नकोस. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या लिखित मांडणीला देतो, आणि तळ्याकाठच्या पोराची परग्रहवासीयाशी मैत्री ही कल्पना होती. मला त्या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती प्रतींची बाजू. पटकथा कोणाच्या हाती, कोणत्या कागदासह, किती प्रतींत गेली, याचा हिशेब लेखकाकडे नव्हता. ही पटकथा कच्ची होती म्हणून चित्रपट राहून गेला असे नाही. ती लिहिणाऱ्याच्या हातातून निसटली म्हणून राहून गेला. रोग वेगळा, म्हणून औषधही वेगळे.

तेव्हा आधी कागद पाहू. तू निर्मात्याला हक्क लेखी आणि सहीनिशी दिले होतेस का, हे तुझ्या पत्रात नाही. दिले नसतील, तर ते तुझ्याकडेच आहेत, कारण स्वामित्वहक्काचे हस्तांतरण तोंडी होत नाही. दिले असतील, तर १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १९ शांतपणे वाच. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर हक्क घेणाऱ्याने एक वर्षाच्या आत त्यांचा वापर न केल्यास ते हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते, आणि कराराची मुदतच लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'वेगळे लिहिलेले नसेल तर' हे शब्द दोनदा वाच, कारण बहुतेक छापील करारांत नेमके वेगळेच लिहिलेले असते आणि आपण आनंदाच्या भरात शेवटच्या पानावर सही करतो. मीही केली होती; तेरा भागांच्या एका मालिकेच्या संहितेवर मला सात वर्षे हात लावता आला नाही. यापुढे कोणालाही पटकथा ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये तिची नोंदणी कर आणि कोणाला, कधी, कोणता खर्डा पाठवला याची वही ठेव.

वहीवरून आठवले. राय आपल्या पटकथा 'खेरोर खाता' म्हणजे आपल्याकडे दुकानदार रोजमेळ लिहितात तशा लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहीत. संवादांच्या शेजारी चेहरे, पोशाख, चौकटी, मधूनच संगीताचे स्वर. रविशंकर यांच्या सतारवादनावर त्यांना माहितीपट करायचा होता, त्याची सारी दृश्ये त्यांनी चित्रांनी आखून ठेवली होती. माहितीपट झाला नाही, पण ती चित्रे २०१४ साली पुस्तकरूपाने आली आणि संगीत डोळ्यांना कसे दाखवावे याचा धडा म्हणून आज ती पाहता येतात. तुझ्या पटकथेला असे एकही रेखाटन जोडलेले नाही. चित्र काढता येत नसेल तर स्थानकाचा नकाशा तरी काढ, खिडकी कुठे, फलाट कुठे, दिवा कुठे.

सगळ्याच योजनांची अशी कागदी शिल्लक उरत नाही. 'महाभारत' करायचा विचार राय यांनी बराच काळ बाळगला आणि परदेशी प्रेक्षकाला एवढी नातीगोती समजावायची कशी या प्रश्नापाशी तो अडला. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीवरून 'अ पॅसेज टू इंडिया' त्यांना करायचा होता, पण तो पुढे डेव्हिड लीन यांच्या हातून झाला. या दोहोंबद्दल हळहळण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. 'द एलियन' रखडत होता त्याच काळात राय यांनी आजोबांच्या गोष्टीवरून 'गुपी गाइन बाघा बाइन' केला, तो १९६९ साली लागला आणि कलकत्त्यात उदंड चालला. घरखर्चाचा मोठा भार तर चित्रपटांपेक्षा त्यांनीच लिहिलेल्या, गुप्तहेर फेलूदा आणि शास्त्रज्ञ प्रोफेसर शोंकू यांच्या पुस्तकांनी उचलला. निर्मात्याच्या होकारावर ज्याची चूल पेटत नाही, त्याला नकार देता येतो, म्हणून तू भाषांतराचे काम सोडण्याचा जो विचार करते आहेस, तो मला मुळीच पसंत नाही. दूरचित्रवाणीलाही कमी लेखू नकोस. राय यांचा 'सद्गती' हा दूरदर्शनसाठीच केलेला चित्रपट होता. (त्यात पंडित घाशीराम झालेले आपले मोहन आगाशे रंगभूमीवर 'घाशीराम कोतवाल'मधले नाना होते, याची मला अजून गंमत वाटते.)

आता तुझी पटकथा. एसटी स्थानकावरचा वाहतूक नियंत्रक आणि त्याची एक रात्र, ही पहिली चाळीस पाने मी दोनदा वाचली. चौकशीच्या खिडकीतून त्याला फक्त माणसांचे हात दिसतात, ते दृश्य कोणी शिकवून येत नाही. त्यानंतरचा खून तुझा नाही. तो पुनर्लेखनात आला असणार, कारण तिथून पुढे प्रत्येक पात्र निर्मात्याला गोष्ट समजावून सांगितल्यासारखे बोलू लागते. म्हणजे तुझे प्रकरण दोन्ही जातींचे आहे: पूर्वार्ध हातातून निसटला आहे आणि उत्तरार्ध कच्चा आहे. दारे ठोठावणे सध्या थांबव. पुनर्लेखनाच्या आधीचा पहिला खर्डा तुझ्याकडे असेल, तो शोध. येत्या रविवारी सकाळी तो आणि कराराची प्रत, दोन्ही घेऊन घरी ये. येताना स्थानकावर तासभर बसून ये आणि रात्रपाळीचा नियंत्रक शेवटची गाडी सुटल्यावर नोंदवहीत काय लिहितो ते विचारून ये. तुझ्या पटकथेत तो काहीच लिहीत नाही.

तुझा,
सर