जपानमध्ये स्वतंत्र लो-फाय बीट लेबल (संथ, मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या बीट-संगीताची प्रकाशन संस्था) काढायचं, तर सुरुवात कुठून करावी?

कंपनीची घाई नको. व्यवसायाची मुभा देणारा व्हिसा असेल तर कर कार्यालयात ‘काइग्यो तोदोके’ हा व्यवसाय सुरू केल्याचा अर्ज भरा. फी नाही, आणि व्यवसायाचं नाव म्हणून लेबलचं नाव लिहिता येतं. कंपनीच हवी असेल तर ‘गोदो काइशा’ (एलएलसीसारखी कंपनी) स्वस्त पडते: नोंदणी कर किमान 60,000 येन, ‘काबुशिकी काइशा’ला (शेअर असलेली कंपनी) किमान 1,50,000.

खरी गोची सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याची. जुन्या जॅझ रेकॉर्डमधला चार सेकंदांचा पियानो उचलला तरी दोन परवानग्या लागतात: रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या हक्कदाराची. पिच उतरवून वर टेपची खरखर चढवली म्हणून सुटका होत नाही. त्यापेक्षा नवी चाल बांधून वादकाकडून वाजवून घ्या. बीटमेकरकडून (बीट रचणाऱ्याकडून) हक्क विकत घेत असाल तर करारात जपानी कॉपीराइट कायद्याच्या कलम 27 आणि 28 चा स्पष्ट उल्लेख हवाच. नुसतं ‘सर्व हक्क दिले’ लिहिलंत, तर रूपांतराचे हक्क त्याच्याकडेच राहिले असं कायदा गृहीत धरतो. बरेच जण इथेच फसतात.

सॅम्पल पॅकचे (कुणालाही विकत मिळणाऱ्या तयार आवाजांच्या संचाचे) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे, वापरलेले ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारं संगीत आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत, टाकू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांवर दावे लागतात.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे ट्रॅक रिलीजच्या किमान 7 दिवस आधी पाठवा. 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाले नाहीत, तर त्या ट्रॅकचे पैसे तिथून मिळत नाहीत. म्हणून वीस ट्रॅक एकदम ओतू नका.