वाचकांचे प्रश्न : बरव्यांची चित्रं बघायची कशी?

मागच्या अंकात चित्रकार प्रभाकर बरवे (1936-1995) यांच्यावर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले तीन प्रश्न इथे घेतेय.

बरव्यांच्या चित्रात घड्याळ, पान, फळ, किल्ली असं काय काय असतं. याचा अर्थ कसा लावायचा? घड्याळ म्हणजे काळ असंच ना? – एक वाचक, सातारा

तसं धरलंत तर चित्र दोन मिनिटांत संपेल हो! घड्याळ म्हणजे काळ, पान म्हणजे निसर्ग, किल्ली म्हणजे रहस्य, अशी यादी केली की झालं, बघायला काही उरतच नाही. माझं सांगणं एवढंच की आधी अर्थ बाजूला ठेवा आणि वस्तू कुठे ठेवलीय ते बघा. मोठा सपाट करडा नाहीतर पांढुरका भाग असतो, त्यात कुठेतरी एक पान, अर्धं रंगवलेलं अर्धं नुसत्या रेषेत, आणि तीच रेषा पुढे जाऊन कशाची तरी सावली होते, मग ती सावली पानाची की शेजारच्या फळाची हे काही केल्या ठरत नाही. तिथे थांबा. वस्तू संपली कुठे आणि रिकामी जागा सुरू झाली कुठे, हा बरव्यांचा खरा विषय आहे असं मला ठामपणे वाटतं. ते त्याला अवकाश म्हणायचे आणि त्याबद्दल त्यांनी भरपूर लिहिलंय.

अजून एक. त्यांची बरीचशी प्रसिद्ध कॅनव्हासेस एनॅमलमधली आहेत, म्हणजे आपण दाराखिडक्यांना मारतो तो ऑइलपेंट. हा रंग पातळ असतो, लावल्यावर आपोआप पसरून सपाट होतो, ब्रशचे फटकारे फारसे राहत नाहीत. त्यामुळे चित्रकाराच्या हाताचा आवेश कुठे दिसत नाही, वस्तू रोजच्या ओळखीची असूनही आपल्यापासून लांब गेल्यासारखी वाटते. जाड ऑइल कलरमध्ये हेच पान काढलं असतं तर ते साधं पानच राहिलं असतं.

मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. सर म्हणतात तुझ्या कामात पॉल क्ले फार दिसतो. प्रभाव असणं वाईट आहे का? बरव्यांवर कुणाचा होता? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे वाईट कशाला? क्ले हा विसाव्या शतकातला युरोपातला मोठा चित्रकार. बरव्यांवरही त्याचा प्रभाव होताच, आणि त्या काळी मुंबईत तो एकट्या बरव्यांवर नव्हता, चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या सुरुवातीच्या कामातही क्ले दिसतो.

बरवे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले, वडील सिनेमाच्या स्टुडिओत कलाकार, म्हणजे घरात चित्र-शिल्प होतंच. 1959 ला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले आणि 1961 मध्ये विणकर सेवा केंद्राच्या नोकरीवर बनारसला गेले. हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करायची सरकारी नोकरी. तिथे 1965 पर्यंत होते. आता कापडाच्या डिझाइनमध्ये बुटीइतकंच दोन बुट्यांमधलं अंतर महत्त्वाचं, अंतर चुकलं की अख्खी साडी बिघडते. त्यांची रिकाम्या जागेवरची ही नजर माझ्या मते क्लेइतकीच या नोकरीतून आलीय. हे कुणी फारसं बोलत नाही, मोठ्या चित्रकाराची नोकरी म्हणजे पोटापाण्याची गोष्ट म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही.

बनारसमध्येच त्यांना तंत्र भेटलं, म्हणजे तांत्रिक साधनेची परंपरा. यंत्र म्हणजे पूजेतल्या भौमितिक आकृत्या, त्रिकोण, बिंदू, पत्रिकेसारख्या आकृत्या, सगळं चित्रात आलं. साठच्या दशकात तंत्रकलेची लाटच होती, बीरेन डे, जी. आर. संतोष ही त्यातली मोठी नावं. बरव्यांचंही त्यात नाव झालं होतं, आरामात तेच करत राहता आलं असतं. पण सत्तरच्या दशकात त्यांनी ती चिन्हं हळूहळू बाजूला ठेवली आणि घरातल्या साध्या वस्तूंकडे आले. 1976 ला 'ब्लू क्लाउड'साठी ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला तो या नंतरच्या कामाला. मात्र एकच आकार समोर मांडून त्याच्याकडे टक लावून बघायची तंत्रातली सवय राहिली, फक्त बिंदूच्या जागी सफरचंद आलं.

तुझ्या बाबतीत क्लेचे आकार घेतलेस की त्याची बघण्याची रीत, हे सरांना विचार. आकार असतील तर थोडे दिवस क्लेची पुस्तकं बंद ठेव आणि खोलीतलीच एखादी वस्तू घेऊन बस.

नोकरी सांभाळून चित्रं काढते, पण आतून काही येतच नाही, महिनेच्या महिने जातात. मोठ्या चित्रकारांना प्रेरणा कुठून मिळते? – एक वाचक, डोंबिवली

ताई, बरवेही बरीच वर्षं नोकरी करूनच चित्रं काढत होते. आणि ते डायऱ्या लिहायचे, वर्षानुवर्षं. त्यात मजकूर आहे, बाजूला छोटी छोटी रेखाटनं आहेत, चित्राबद्दलचे विचार आहेत. 'आज काही सुचलं नाही' म्हणून वही मिटून ठेवायची असं नाही, सुचण्याआधीचं जे अर्धवट असतं तेही कागदावर यायचं. 'कोरा कॅनव्हास' हे चित्रकलेवरचं त्यांचं पुस्तक मौज प्रकाशनाने 1990 ला काढलं, मिळालं तर जरूर घ्या, पण एका दमात वाचू नका, जड जाईल. रोज दोन पानं वाचा आणि लगेच वहीत पेन्सिलने काहीतरी काढा, डब्याचं झाकण, चप्पल, काहीही. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतं हे. रंग महिनाभर काढले नाहीत तरी चालेल.