फणस उभा ठेवून चार्जर

प्रश्न : मोरजीत आमच्या घराच्या पाच खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. हल्ली पुण्या-मुंबईहून येणारे फोनवर आधी विचारतात, "गाडी चार्ज करायची सोय आहे का?" एका ठेकेदाराने मागच्या भाटात, म्हणजे घरामागच्या बागायतीत, ६० किलोवॉटचा फास्ट चार्जर सुचवला आहे. त्यात सासऱ्यांनी लावलेला फणस आणि दोन आंबे जातील, जमिनीवर काँक्रीट येईल, रात्रभर मोठे दिवे लागतील. "हे पर्यावरणासाठीच आहे," असे तो म्हणतो. माझे मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, मोरजी

उत्तर : ताई, फणस राहू दे. तुम्हाला फास्ट चार्जरची गरजच नाही.

हिशेब करू. तुमचा पाहुणा सकाळी निघतो, पणजी आणि जुने गोवे करून संध्याकाळी परततो. झाले ८० किलोमीटर. साधारण इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे बारा-तेरा युनिट लागले. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर रात्री दहाला गाडी लावली, तर अडीचपर्यंत एवढी वीज भरून होते. गाडी तशीही सकाळपर्यंत अंगणात उभीच असते. पुण्याहून रिकामी बॅटरी घेऊन आलेल्याला दोन रात्री लागतील, आणि मोरजीला एका रात्रीसाठी कोण येतो?

असे चार चार्जर एकदम चालले तरी भार तेरा-चौदा किलोवॉट. थ्री फेज जोडणी घेऊन मंजूर भार वाढवला की काम भागते. ६० किलोवॉटचे तसे नाही. त्याला बहुधा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागेल, तिथवर ११ हजार व्होल्टची लाइन ओढावी लागेल, आणि त्या लाइनखालच्या फांद्या दर मे महिन्यात छाटल्या जातील. म्हणजे तीन झाडांवर हे थांबणार नाही. शेजाऱ्याचे आंबेही त्यात आले.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सारी नोकरी बार्देश-पेडण्यात लाइनी ओढण्यात गेली. एकदा खांबाच्या आड येतो म्हणून एक जुना फणस मी पाडायला लावला. काम संपल्यावर टेप धरून पाहिले, खांब दोन मीटर बाजूला घेतला असता तरी चालले असते. त्या घरावरून जाताना अजून मान वर होत नाही. म्हणून सांगतो, आधी टेप धरा. आणि १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे ठेकेदाराला ऐकवा.

चार्जर घराच्या भिंतीलाच लावा, मीटरपासून जितका जवळ तितका बरा. केबलसाठी झाडाखालून चर खणू नका. झाडाला पोसणारी मुळे वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. काँक्रीटऐवजी चाकांपुरत्या चिऱ्यांच्या दोन पट्ट्या घाला, पाणी मुरत राहील. मात्र फळांच्या दिवसांत फणसाखाली गाडी लावू देऊ नका.

आता दिवे. तुमच्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालून जाते, एका वेळी शंभराच्या आसपास. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. मागे पांढरे फ्लडलाइट असले, तर ती उलटी फिरून रस्त्यावर येतात, सकाळच्या उन्हात सुकतात, नाहीतर कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. चार्जरपाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर, वरून झाकलेला, पिवळसर-नारिंगी छोटा दिवा पुरे. माणूस आला की लागेल, गेला की विझेल, असाच घ्या. नोव्हेंबर ते मे एवढे तरी पाळाच.

प्रश्न : गोव्याची वीज कोळशाचीच. मग इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन काय साधले? वर त्या विजेसाठी मोलेचे जंगल तोडायचे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या केंद्रांतून येते आणि तिथे कोळसा जळतो, हे खरे. तरीही देशातल्या विजेमागे युनिटला सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आणि स्कूटर युनिटला ३० किलोमीटर गेली, तर किलोमीटरला २३-२४ ग्रॅम पडतो. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धरा, तिचा ५० ग्रॅमच्या वर जातो. निम्म्याहून कमी झाला, तो मी सोडणार नाही.

मोलेबद्दल तुमचा राग माझाही आहे. पण तिथे वीज हवी की जंगल, असा पेच नव्हता. गोव्यात वीज आणणाऱ्या तमनार लाइनसाठी मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट तोडण्याऐवजी आधीच्या वीजवाहिनीच्याच पट्ट्यातून ती न्या, असे केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुचवले. लोकांनी आवाज केला म्हणून ही गोष्ट तिथवर गेली.

प्रश्न : आमच्या गावात खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीचा, पडीक तुकडा बुजवून पार्किंग आणि चार्जिंग स्टेशन करायचे चालले आहे. विरोध केला की आम्हाला प्रगतीच्या आड येणारे म्हणतात.
— एक वाचक, तिसवाडी

उत्तर : पडीक दिसत असले तरी खाजन काम करत असते. भरतीचे आणि पावसाचे पाणी तिथे पसरते आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, परत जाते. एक तुकडा बुजवला की तेच पाणी शेजारच्या शेतात, मग वाड्यावर. विजेच्या माणसाला तर हे आधी दिसायला हवे. खाऱ्या, दलदलीच्या जागी चार्जरची पेटी गंजते, जोड सडतात, आणि बांध फुटला की चालू वीज पाण्याखाली जाते.

२०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र भाग आहे आणि खाजन जमिनीत विकासकामांना मनाई आहे. ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका. सर्व्हे नंबर घालून लेखी आक्षेप द्या, पोच घ्या, बांध सांभाळणाऱ्या कूळ संघटनेचीही सही घ्या. आणि त्याच अर्जात दुसरी जागा सुचवा: पंचायत घराचे अंगण, बाजारातली फरसबंद जागा, बसथांबा. तिथे जमीन आधीच पक्की आहे, खांब उभा आहे. भाड्यासाठी थांबणाऱ्या पायलटाची, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, दुचाकीही तिथेच तास-दोन तास उभी असते.