ताण मुलांचा, पण वातावरण कुणाचं?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताणाचा विषय काढला की ‘तुमची बॅचच कच्ची’ एवढंच ऐकायला मिळतं. नेमकं कुठं बिघडलंय हे आकड्यांत दाखवता येईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : येईल, मात्र ताण आणि कॉलेजातलं शिकण्याचं वातावरण दोन्ही एकत्र मोजा. नुसता ताण मोजला तर बोट पुन्हा मुलांकडंच वळतं.

ताणासाठी पीएसएस-10 ही ताण मोजायची प्रश्नावली वापरा. गेल्या महिनाभरात कसं वाटलं, याचे दहा प्रश्न असतात, प्रत्येकी 0 ते 4 गुण. बेरीज 27 किंवा जास्त आली तर ताण तीव्र मानतात. वातावरणासाठी ‘ड्रीम’ ही 50 विधानांची प्रश्नावली आहे, इथंही प्रत्येकी 0 ते 4 गुण. तिचे एकूण गुण 200. 51 ते 100 म्हणजे अडचणी पुष्कळ, 101 ते 150 म्हणजे उण्यापेक्षा जमेची बाजू जास्त.

घोळ होतो तो उलट्या विधानांत. ड्रीममधली 4, 8, 9, 17, 25, 35, 39, 48 आणि 50 ही विधानं नकारात्मक आहेत. त्यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, म्हणजे 4 चा 0, 3 चा 1. विसरलात तर एकाच फॉर्ममध्ये 36 गुणांपर्यंत फरक पडू शकतो. पीएसएसमध्ये 4, 5, 7, 8 हे प्रश्न तसेच.

एकूण सरासरीवर थांबू नका, ती फसवी असते. ड्रीमच्या प्रत्येक विधानाची सरासरी काढा आणि 2 किंवा त्याहून कमी आलेली विधानं वेगळी काढा. ताण आलेल्यांना आधाराची सोय, राहण्याची जागा, लागेल तेवढं पाठ होणं, असे प्रश्न त्यात आहेत. डीनसाहेबांसमोर ‘आमचे 104 आले’ म्हणून काही हलत नाही. ‘हॉस्टेलच्या विधानाला सरासरी 1.3’ म्हटलं की वॉर्डनला उत्तर द्यावं लागतं.

इंटर्नल परीक्षेच्या तोंडावर फॉर्म वाटू नका, ताण फुगलेला दिसेल. नाव आणि रोल नंबर नको. ज्या सरांविषयी प्रश्न आहेत, त्यांनी फॉर्म गोळा करू नयेत. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांचे गुण वेगळे काढून पाहा, भाषेची अडचण तिथंच दिसेल. सुरुवातीलाच पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या शिक्षकांना मार्गदर्शक घ्या आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळवा. आणि एक ध्यानात असू द्या: ताणात असलेल्याला वातावरणही वाईटच दिसतं. त्यामुळं एकदाच मोजून कारण सिद्ध होत नाही. एखादी सुधारणा झाल्यावर, परीक्षेपासून तेवढ्याच अंतरावर, पुन्हा मोजा.

प्रश्न : मुलगा पहिल्या वर्षाला आहे. झोप नाही, जेवण नाही, ‘घरी येतो’ म्हणतो. काय करावं? — एक आई, परभणी

उत्तर : आधी तुम्हीच जाऊन भेटा, ताई. मार्कांचा विषय काढू नका, झोप-जेवणाचं विचारा. कॉलेजात त्याला मेंटॉर कोण आहेत ते विचारून त्यांना भेटा. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलला, तर दोन आठवडे थांबायचं नाही; त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. टेली-मानस 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.