नाव खोडल्याने ओळख पुसली जात नाही

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या कर्जनोंदींवर संशोधन सुरू करताना एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: नाव आणि आधार क्रमांक काढून टाकला, तरी गाव, जन्मतारीख आणि शेतजमिनीचे क्षेत्र एवढ्यावरून लहान गावातला शेतकरी कोणीही ओळखतो. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच बाबींवरून सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात, असे दाखवले होते. म्हणून २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेली डिफरन्शियल प्रायव्हसी ही खासगीपणा जपण्याची गणिती पद्धत मुळापासून शिका. तिच्यात नोंदींवर विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळतात; मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू दिला, तर सरासरीतून खरा आकडा उघडा पडतो, त्यामुळे प्रश्नांची एकूण मर्यादा आधीच ठरवावी लागते. नोंदी साठवताना लागणारे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करण्याची पद्धत, मात्र स्वतः रचू नका.